काटा हलत नाही

तिने लेकीला, बिट्टीला, वजनकाट्यावरून उतरवलं, काटा भिंतीला टेकलाय का ते वाकून पाहिलं आणि पुन्हा चढवलं.

“अहो ताई, काटा दवाखान्याचा आहे, भाजीवाल्याचा नाही,” नर्स हसत म्हणाली. “दहादा चढवलंत तरी तेवढंच दाखवणार.”

तेवढंच. मागच्या खेपेला होतं तेवढंच. सात वर्षांच्या पोरीच्या दंडावरून फ्रॉकची बाही खाली घरंगळत होती.

बाहेरच्या बाकावर कुणी पाव खाल्ला असला तर, म्हणून तिने आधी रुमाल अंथरला आणि मग बिट्टीला बसवलं. पलीकडच्या टोकाला सासूबाई बसल्या होत्या, पिशवी मांडीवर घट्ट धरून, निकाल लागायचा असल्यासारख्या. कालचं भांडण दोघींच्या मध्ये अजून ठाण मांडून बसलेलं होतं.

बिट्टीला सीलिॲक आहे हे कळलं, त्याच दिवशी तिने घरातला गहू बाहेर काढला होता. गव्हातलं ग्लूटेन पोटात गेलं की आतड्यांना इजा होते, कणभरही चालायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तो ‘कणभर’ तिच्या डोक्यात जाऊन बसला तो उठलाच नाही. ती औषधांच्या कारखान्यात गोळ्या तपासायची. एका गोळीवर ठिपका दिसला की अख्खी खेप बाजूला काढायची, हा तिथला नियम. तो तिने घरी आणला. लाटणं गेलं, चाळणी गेली, लाकडी चमचे गेले. टूथपेस्टपासून खोकल्याच्या औषधापर्यंत सगळी वेष्टनं वाचून झाली. नवऱ्याला पावाची हुक्की आली की तो जिन्यात उभा राहून खायचा आणि चूळ भरून घरात यायचा. “चोरून विडी ओढल्यासारखं वाटतं गं,” म्हणायचा. तिला हसू यायचं नाही.

एवढं डोळ्यांत तेल घालूनही काटा हलत नव्हता. म्हणजे कण कुठून तरी येत होता.

डबा ती स्वतः भरायची, पहाटे, सकाळच्या पाळीला निघण्याआधी. शाळा दिवसभराची, म्हणून एक छोटा, एक मोठा. दोन्ही चाटूनपुसून परत यायचे. त्यांचा तिला घोर नव्हता. संध्याकाळचा स्वयंपाक मात्र सासूबाईंचा. संशयाचं बोट कितीही फिरवलं तरी तिथेच येऊन थांबायचं. काल ते तोंडातून निघून गेलंच.

“तिला एखादं बिस्किट देता का हो तुम्ही? खरं सांगा. मी रागावणार नाही.”

“रागावूनच तर विचारतेस,” सासूबाई म्हणाल्या. “नात आहे ती माझी, सवत नव्हे.” त्यानंतर त्या जेवल्या नाहीत.

नाव पुकारलं. तिघी आत गेल्या. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला, पुन्हा पाहिला आणि हसल्या.

“रिपोर्ट अगदी छान आहे. इतकं काटेकोर घर मला क्वचित बघायला मिळतं. हिच्या पोटात ग्लूटेन जात असल्याची काहीच खूण नाही.”

“कणभरसुद्धा?”

“काहीच दिसत नाही.”

मागे सासूबाईंनी पिशवी जमिनीवर ठेवली. दोन टोमणे मारले असते तर परवडलं असतं, असं तिला वाटलं. पण शरमायलाही तिला उसंत नव्हती.

“मग वजन का वाढत नाही?” तिचा आवाज चढला. “गहू जात नाही, तर मग जातंय तरी काय हिच्या पोटात?”

“तेच विचारू या,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि खुर्ची बिट्टीसमोर ओढून बसल्या. “काय गं, शाळेत डबा खातेस ना?”

“खाते ना,” बिट्टीऐवजी तिनेच उत्तर दिलं. “रोज अगदी रिकामा...”

“तिला बोलू द्या, आई.”

बिट्टीने आजीकडे पाहिलं. आजीने मान डोलावली.

“ढमी खाते,” बिट्टी म्हणाली. “माझ्या बाकावर बसते ती. तिला आपला डबा खूप आवडतो.”

“आणि तू काय करतेस?”

“मी पाणी पिते.”

सासूबाईंचा हात आपोआप तोंडावर गेला.

“तुला आवडत नाही का डबा?”

“आवडतो. वास मस्त येतो. पण मी खात नाही.”

“आणि घरी?”

“घरी खाते. आजी करते तेव्हा मी ओट्यापाशी उभी असते. सगळं नीट बघते. मग खाते.” मोठ्या माणसाने कामाचा हिशोब द्यावा तसं ती सांगत होती.

आईला राहवलं नाही. खुर्चीवरून उठून ती लेकीपुढे खाली बसली आणि तिची काटकुळी मनगटं हातांत घेतली.

“अगं राणी, पण डबा तर मी भरते. तुझी आई भरते! त्यात काही नसतं गं.”

बिट्टीने हळूच आपले हात सोडवून घेतले. आईला वाईट वाटू नये म्हणून अगदी समजुतीच्या सुरात ती म्हणाली, “तू भरतेस तेव्हा मी झोपलेली असते ना, आई. मग तू हात धुतलेस की नाही, ते मला कसं कळणार?”