विसावी खेप

वडिलांच्या हृदयाची रोगट रक्तवाहिनी थोरल्या लेकीने संगणकावर हुबेहूब उभी केली होती. स्टेंट घालायचा की बायपास करायचा, हे डॉक्टर तिच्या चाचणीवरून ठरवणार होते; तिचा प्रत्येक निकाल रुग्णालयातल्या पडद्यावरही आपोआप दिसत होता. सकाळपासून एकोणीस वेळा तिने पडद्यावर स्टेंट फुगवून पाहिला. दर वेळी तो वाहिनीत साचलेल्या दगडासारख्या कॅल्शियमला अडला आणि वाहिनीची भिंत फाटली.

"बाबा घाबरलेत का गं?" तिने फोनवर धाकटीला विचारलं.

"छे. म्हणतात, ताई बघतेय ना, मग मला कसला घोर."

तिने फोन ठेवला. विसाव्या खेपेला तिने कॅल्शियमचा कडकपणा मुद्दाम निम्मा केला. खोटं तर खोटं, एकदा तरी ती वाहिनी धड उघडलेली बघू दे. स्टेंट अलगद उघडला, भिंत शाबूत राहिली. ती पोटभर रडली, आणि 'बायपासच करा' हे सांगायला तिने डॉक्टरांना फोन लावला.

फोन नर्सने उचलला.



"डॉक्टर आत आहेत, मॅडम. तुमचा विसावा निकाल इथल्या पडद्यावर चांगला दिसला, तसं त्यांनी बाबांना लगेच स्टेंट घालायला घेतलं."