ताजी मासळी

नोकरीसाठी व्हिएन्नात राहणाऱ्या सर्वेशने आईला तिथला एक जुना बरोक राजवाडा दाखवायला नेलं. आता तिथे चित्रांचं म्युझियम आहे. सोन्याचा मुलामा, छतावरचे गुबगुबीत देवदूत, कशापुढेच भागूबाई थांबली नाही. थांबली ती थेट माशांच्या चित्रापुढे.

गाइडबाई रंगात आल्या होत्या. "चित्रकाराने पहाटेच बाजारातून आणलेले हे ताजे मासे!"

सर्वेशने ते मराठीत सांगितलं. भागूबाई इतकी पुढे वाकली, की पहारेकरी खाकरला.

"ताजे कसले? कालचे हायत. डोळे बघ कसे आत गेलेत. अंगावरची चकाकी पण गेली."

"आई, हळू बोल!"

पण ती काय म्हणाली, ते गाइडबाईंनी विचारलंच. सर्वेशने ओशाळून सांगून टाकलं. बाईंनी चष्मा लावला, माशाचे डोळे निरखले आणि हळूच म्हणाल्या, "बावीस वर्षं मी हे लोकांना ताजे म्हणून दाखवतेय."

सर्वेशची छाती फुगली. तो आईच्या कानाशी लागला, "चाळीस वर्षं हर्णेच्या बंदरावर मासळी विकतेस, पण 'हा मासा कालचा' असं तुझ्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकलं."

भागूबाईने पदर खोचला.

 

"मग? हे काय माझ्या टोपलीतले हायत?"