तुरसुनायची चाळण

तुरसुनायने जुन्या पत्र्याला खिळ्याने भोकं पाडून चाळण केली आणि सोनं धुण्याच्या पन्हळीच्या तोंडावर बसवली. सासरा चाळणीवर वाकून खेकसला, “ही कसली किसणी? माझ्या बापाने जन्मभर चाळणीशिवाय नारिन नदीचं सोनं धुतलं. काढ, फेक!”

‘फेक’सरशी त्याची सोन्याच्या दातांची कवळी उडाली आणि फेसाळ पाण्यात गडप झाली. उद्या धाकट्या मुलासाठी मुलगी मागायला जायचं होतं! म्हाताऱ्याचं तोंड सुकल्या जर्दाळूएवढं झालं.

तुरसुनायने चाळणीवरचे गोटे बाजूला सारले. कवळी तिथेच अडकली होती. तिने हसू दाबून, मान खाली घालून ती दोन्ही हातांनी पुढे केली.

म्हाताऱ्याचा जीव भांड्यात पडला. कवळी बसवून तो खाकरला.

“राहू दे ती चाळण. बापाचे दात स्वतःचे होते.”