नरहरपंतांचं घड्याळ

तुळजापूरच्या जुन्या बाजारात मी ते खिशातलं घड्याळ घेतलं. त्याला एकदाही चावी दिली नाही, तरी रोज सकाळी चावी पुरती भरलेली असायची.

मागच्या झाकणावर कोरलं होतं, ‘नरहर विनायक, अणदूर’. घरात ठेववेना, म्हणून एका सकाळी मी त्याच्या मालकाच्या शोधात अणदूरला गेलो.

घर सापडलं. अंगणात पळसाच्या पानांचा माणसाएवढा पुतळा निजवला होता.

“रझाकारांच्या धामधुमीत नरहरपंत घरातनं गेले, ते आलेच नाहीत,” पुतळ्याजवळ उभे असलेले भटजी हळूच म्हणाले. “बारा वर्षं वाट बघितली. आज त्यांच्या जागी या पुतळ्याला अग्नी द्यायचा.”

नरहरपंतांच्या पत्नी वनमालाबाई पुढं आल्या. घड्याळ त्यांनी दोन्ही हातांत घेतलं, कानाला लावलं.

“चालू आहे. चावी कोण देतं?”

मला खरं सांगवेना. “मीच,” म्हणालो.

“ते कुणाला हात लावू देत नव्हते. आंघोळ झाली की स्वतः चावी द्यायचे, अन् मग चहा मागायचे.”

त्यांनी घड्याळ पुतळ्याच्या छातीवर, पानांखाली सरकवलं.

भटजी मान खाली घालून म्हणाले, “बाई, आता कुंकू पुसा.”

वनमालाबाईंचा हात कपाळाशी गेला. तेवढ्यात पानांखालून आवाज आला. कर्र... कर्र... कुणीतरी सावकाश, रोजच्या सवयीनं चावी देत होतं.

भटजी दोन पावलं मागं सरले.

वनमालाबाईंनी हात खाली घेतला. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि घरात हाक दिली, “चहाचं आधण ठेवा गं.”