पाच चाकं

जोतीराम मिस्त्रीनं नवं चाक सूत तोलायच्या काट्यावर ठेवलं आणि चंद्रव्वांकडं पाहिलं.

"दहा किलो, अव्वा. टायरसकट."

"आणि जुनं?"

"पंधरा."

चंद्रव्वा खुर्चीतून उठल्या. पदर खोचून त्यांनी आधी जुनं चाक उचललं. ते गुडघ्यापर्यंत आलं आणि अडलं. साठी उलटलेले हात ते. मग नवं उचललं. ते कमरेपर्यंत आलं.

"अव्वा, कंबर धरंल," शिवपुत्र म्हणाला.

"तुला नऊ म्हैने उचललं तवा धरली न्हाई, आता काय धरती?"

मिस्त्री हसला. शिवपुत्रही हसला. आज त्याला कशाचाच राग येणार नव्हता. वडलांनी हौसेनं घेतलेली ही लाल, दोन सीटांची मोटार मद्रासच्या शर्यतीत उतरवायची, एवढंच त्याच्या डोक्यात दोन वर्षं होतं. त्यासाठी हलकी चाकं हवी होती. आणि दोन वर्षं चंद्रव्वांचं एकच उत्तर होतं, "आधी मला खांदा दे, मग शर्यतीला जा."

महिन्यामागं जेवायला वाढताना त्या आपण होऊन म्हणाल्या, "मागव ती चाकं. पाच मागव."

"शर्यतीत स्टेपनी लागत न्हाई, अव्वा. उलट काढून ठेवत्यात. चार बास."

"पाच म्हणलं की."

पाचाचा आकडा त्यांच्या घरात शुभ. शिवपुत्रानं वाद घातला नाही.

पेठेत मात्र चर्चा झाली. चंद्रव्वांचा शब्द फिरलेला कुणी पाहिला नव्हता. सात वर्षांपूर्वी त्यांची थोरली, महादेवी, कुणालाच न जुमानता वैरागच्या एका मास्तराशी लग्न करून गेली. तेव्हा फाटकात उभं राहून त्यांनी साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं होतं, "या घरातलं जे कुणी तिच्या दारात जाईल, त्यानं परत हितं येऊ नये. ड्रायव्हर असला तरी." तेव्हापासून बार्शीला जाताना वैराग लागलं, की शरणप्पा ड्रायव्हर हॉर्नसुद्धा वाजवत नसे.

"पोरीसाठी फिरला न्हाई शब्द, पोरासाठी फिरला," बायका म्हणाल्या. "मुलगा तो मुलगा."

जोतीरामनं जॅक लावला. खाली वाकून बघता बघता त्यानं तोंड वाकडं केलं.

"मालक, क्लच लई घासलाय. कोण शिकतंय का गाडीवर?"

शिवपुत्रानं शरणप्पाकडं रोखून पाहिलं. "दुपारचं अव्वाला देवळात न्यायचं काम तुझं. नेतोस, का माळावर फिरवत बसतोस?"



"गप उभा राहतोय बघा कसा," चंद्रव्वा म्हणाल्या. "क्लच जपून दाबावा, एवढंबी कळंना व्हय रे?"

"चुकलं, अव्वा," शरणप्पा म्हणाला.

मिस्त्रीनं पहिलं चाक चढवलं. शिवपुत्र आईच्या खुर्चीजवळ आला. आवाज बारीक करून म्हणाला, "बार्शीचे आबासाहेब सूत न्यायला आले होते काल. महादेवीला आठवा लागलाय म्हणं. सासू न्हाई, नणंद न्हाई. मास्तर एकटाच करतोय सगळं. अव्वा, मी एकदा…"

"मिस्त्री," चंद्रव्वा म्हणाल्या, "एका चाकाला नट किती रे?"



"चार, अव्वा. समोरासमोरचं आवळायचं, म्हंजे चाक सरळ बसतं."

"आण तो पाना. माझ्या दारात काय बसवतोस ते मला कळू दे की."

त्यांनी पाना लावला. नट हलेना.

"हातानं न्हाई, अव्वा. पान्यावर पाय द्यायचा."

चंद्रव्वांनी चप्पल काढली, पान्यावर पाय दिला, आणि नट करकरत सुटला. त्यांनी तो हातात घेतला, फिरवून पाहिला आणि पुन्हा बसवला. मग दुसरा सोडवला. मग जॅक खाली कसा घेतात ते विचारलं.

जाताना जोतीरामनं शिवपुत्राला फाटकाबाहेर बोलावलं.

"मालक, राग मानू नका. अव्वांना शर्यत नकोच हुती न्हवं? आन आज त्येंचं सगळं ध्यान नटावर. तुमी गाडी काढायच्या आधी एकदा पाना फिरवून घ्या."

"येड लागलंय का तुला? आई हाय माझी."

"आई हाय म्हणूनच म्हणतो. पोरगं घरात ऱ्हावं म्हणून आई काय बी करती."

शिवपुत्रानं ते हसण्यावारी नेलं. पण जेवण गेलं नाही.

सकाळी आठ वाजता तो पाना घेऊन खाली आला. पाचही जुनी चाकं कोपऱ्यात रचलेली होती. गाडी नव्हती. शरणप्पा पायरीवर बसून चहा पीत होता.

"गाडी कुठाय?"

"मला काय इचारता, मालक? चावी अव्वांकडं असती."

"अव्वा कुठाय?"

शरणप्पा उठला आणि कप विसळायला नळाकडं निघाला.

शिवपुत्रानं पाना जुन्या चाकांवर फेकला. म्हणजे मिस्त्री खरं बोलत होता. नट सैल करण्यावर भागवलं नव्हतं आईनं. गाडीच कुणाच्या तरी हाती देऊन गायब केली होती. शर्यत संपली.

त्याच वेळी वैरागच्या दोन मैल अलीकडं बार्शीच्या एसटीनं वेग कमी केला. रस्त्याकडेला एक लाल मोटार उभी होती. शेजारच्या सीटवर डिंकाच्या लाडवांचा डबा होता आणि मऊ जुन्या लुगड्यांचं गाठोडं. इरकल लुगड्याचा काष्टा मारलेली एक म्हातारी अनवाणी पायानं पान्यावर उभी राहून शेवटचा नट आवळत होती. पंक्चर झालेलं चाक तिनं केव्हाच डिकीत टाकलं होतं.

एसटीच्या ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "आज्जे, एकटीच? घरचं कुणी न्हाई व्हय संगं?"

"घरच्यांना लेकीच्या दारात यायची बंदी हाय," पदरानं हात पुसत चंद्रव्वा म्हणाल्या. "मीच घातलीया."