सावलाईचा टाक

“निम्मी खोट आमची म्हणं! त्या डॉक्टरीणबाईला काय कळतंय?” आक्काबाई चिंचेच्या कोळानं देवांचे आणि घरातल्या गेलेल्यांचे टाक घासत होत्या आणि सुनेवरचा सगळा राग त्या चांदीवर निघत होता.

नवरात्र तोंडावर आलं होतं. देव उजळायला अंगणात उन्हात काढले होते. सावलाईचा टाक तेवढा आत, काळ्या फडक्यात. तिला सासरे पुंजारामच पुसायचे, तेही दिवस मावळल्यावर. सावलाईची तशी रीतच, असं साधनाला लग्न होऊन आली तेव्हाच सांगितलं होतं.

साधना दारात बसली होती. आत जाड पडद्याआड तिचा राज निजला होता. एवढंसं पोर, पण उन्हानं गाल डागांनी भरलेले.

काल नाशकातल्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. “उन्हानं सगळ्यांचाच डीएनए बिघडतो. बिघडलेला तुकडा कापून तिथं नवा जोडणारी एन्झाइमं शरीरात असतात. त्यातलं एक बनवणारं जनुक राजला दोन्हीकडून सदोष मिळालंय. एक आईकडून, एक वडिलांकडून. घरात पूर्वी कुणाला असा त्रास होता?”

“आमच्यात कुणालाच नाय,” आक्काबाईंनी ठणकावलं होतं. पुंजाराम खाली बघत हातातली टोपी चाळवत राहिले होते.

“हिला माहेरी सिन्नरला धाड,” आता आक्काबाई लेकाला म्हणाल्या. “पोर ऱ्हाईल इथंच. तुझं दुसरं लगीन लावू.”

बोलायची वेळ आली की समाधानला विहिरीवरची मोटर आठवते. तो उठून गेला.

साधनाचं डोकं फिरलं. नवऱ्याचा तर तिला वीट आला. राजसाठी तिनं सावलाईपुढे किती नाक घासलं होतं! ती ताडकन देवघरात गेली, टाक उचलला, फडकं भिरकावलं आणि भर उन्हात येऊन उभी राहिली.

“माझं पोर भाजतंय, हिला दया नाय. हिला पण कळू दे ऊन काय असतं ते.”

आक्काबाईंचा हात थांबला. त्यांनी ओट्यावर बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं.

पुंजाराम धडपडत उठले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी त्या टाकावर धरली.

“आत ने तिला, सूनबाई,” ते म्हणाले. “माझ्या बहिणीला ऊन सोसायचं नाय.”