न भिजणारा शर्ट

हौसाबाईने हवालदाराच्या टेबलावरचा तांब्या उचलला आणि त्यातलं सगळं पाणी शर्टावर ओतलं.

"अहो आजी, कागद भिजतायत!" हवालदार पंचनामा छातीशी धरून उठला.

"कागद गेले खड्ड्यात. शर्ट बघा. भिजलो मां? मगे ह्यो माझ्या झिलाचो न्हय."

राखाडी, पूर्ण बाह्यांचा शर्ट. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्याला लागलेल्या एका प्रेताच्या अंगावरचा. चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता म्हणून पोलिसांनी प्रेत पुरून टाकलं आणि मग सावकाश देवबागला निरोप धाडला. आधी पुरायचं आणि मागाहून विचारायचं, तुमचाच होता का! निरोप ऐकल्यापासून हौसाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

सप्टेंबरातल्या वादळात तिचा मुलगा सर्वेश होडीसकट गेला, त्याला आज सतरा दिवस झाले होते. सापडला नव्हता, एवढंच. मेला असं हौसाबाई म्हणत नव्हती आणि कुणाला म्हणू देत नव्हती.

शर्टाचं तर अख्ख्या देवबागला ठाऊक होतं. सर्वेश २००२ साली इचलकरंजीला एका कापडाच्या कारखान्यात लागला. तिथे कापड कसल्याशा औषधात बुडवून भट्टीतून काढत. ती धग लागली की मग त्याला ना पाणी लागे ना तेल. तीन वर्षांनी परत येताना त्याने त्यातलंच एक शर्टपीस आणलं. शिवून आलं त्या दिवशी त्याने भर पंगतीत बांगड्याचं सार स्वतःच्या छातीवर ओतून घेतलं. हौसाबाई किंचाळली. पण अळवाच्या पानावरून पाणी ओघळावं तसं सार तेलासकट खाली ओघळलं आणि शर्ट होता तसा कोरा. पुढचे आठ दिवस मासळीबाजारात तिने दुसरी गोष्ट सांगितली नाही.

त्या शर्टाचे लाड तरी किती! धुणार तो स्वतः, आणि करवंटीचे कोळसे फुलवून इस्त्री फिरवणार तोही स्वतः. होडीवर जातानासुद्धा. "बांगड्यांका बघूक जातस काय रे?" हौसाबाई चिडवायची. "तुका नाय कळाचा गो आये," म्हणून तो हसायचा.

"आजी," हवालदार टेबल पुसत म्हणाला, "इतके दिवस खाऱ्या पाण्यात राहिल्यावर कुठलं औषध टिकतंय?"

"दीड वर्स तो ह्योच घालून दर्यार जाता. खारा पाणी तेका काय नवा आसा?"

हवालदाराला फाईल बंद करायची होती. त्याने कागद तिच्याबरोबर आलेल्या सुनेपुढे, दिव्यापुढे सरकवला. "ओळख पटली असेल तर सही करा आणि शर्ट घेऊन जा."

दिव्याने पदराचं टोक तोंडात धरलं आणि सही केली.

"सही केलंस? जितो आसताना घोवाक मारलंस गो!"

"रंग तोच आसा, आये. माप पण ताच."

"रंग बाजारात पन्नास शर्टांचो आसता!"

घरी हौसाबाईचा दीर महादू ओसरीवर बसलेलाच होता. भटजींना क्रियाकर्माचा दिवस विचारूनसुद्धा आला होता. माणसाला किती ती घाई! "वयनी, असा किती दिवस चलतला? लोका बोलतत. दिव्याचा कुंकू…"

"तिच्या कुंकवाक कोणी हात लावल्यान तर हात मोडून ठेवीन!" हौसाबाई कडाडली. "गेल्या वर्सा बाबली एकविसाव्या दिवशी कारवारसून जितो परत इलो. तेव्हा खंय गेल्ली तुमची घाई?"

बाबलीची गोष्ट खरी होती. महादूने चपला पायात घातल्या आणि गुमान वाट धरली.

शर्टाचं गाठोडं ओसरीवर पडलं होतं. प्रेतावरचा शर्ट घरात नको, म्हणून दिव्या ते उचलायला वाकली. हौसाबाईने तिला थांबवलं.

"टाकू नको. उद्या वेंगुर्ल्याक परत नेऊन देतंय. कोणाचो तरी झील तो. तेची आवस वाट बघित आसतली."

त्या आईचं नाव-गाव तिला ठाऊक नव्हतं. पण शर्ट धुताना तीच डोळ्यांपुढे राहिली. आपण सुटलो आणि ती बिचारी अडकली, असं वाटून हौसाबाईचा राग पहिल्यांदाच निवळला, डोळे भरून आले. तिने साबण लावून शर्ट दोनदा धुतला, खार निघेपर्यंत विहिरीवर खळबळला आणि उन्हात वाळत घातला.

दुपार कलली तेव्हा तिने शर्ट काढून आणला. सगळा चुरगाळलेला. लेकराची शेवटची वस्तू अशी कशी कुणा आईच्या हातात द्यायची? तिने फळीवरून सर्वेशची इस्त्री काढली, करवंटीचे कोळसे फुलवले आणि ओसरीवर गोधडी अंथरली. वाटीत बोटं बुडवून शर्टावर पाणी शिंपडलं. पाणी पडताक्षणी कापडात शिरलं, जागोजाग काळे ठिपके उठले.

"बघ गो दिव्या, आताय भिजता! आणि तू सही करून बसलंस."

दिव्या दारात उभी होती. तिने कपाळावरचं कुंकू चाचपून पाहिलं.

हौसाबाईने जोर लावून इस्त्री फिरवली. सर्वेश फिरवायचा तशीच, कडक गरम. कॉलर बसली. बाह्या बसल्या. छातीवरून तिने तीन-चारदा इस्त्री नेली. शर्ट कसा नव्यासारखा दिसायला लागला. त्या माउलीला तेवढंच बरं वाटेल.

खिशाजवळ एक चुणी राहिली होती. हौसाबाईने पुन्हा वाटीत बोटं बुडवली आणि पाणी शिंपडलं. थेंब शर्टावर पडले, गोल झाले आणि घरंगळत जाऊन खालच्या गोधडीत जिरले.